वीस नावं आणि पाच वावरं

आजच्या सभेचं अध्यक्षस्थान भूषवणारे आपल्या गावचे सरपंच श्रीमान जानराव पाटील, त्यांच्या शेजारी बसलेले तांड्याचे नाईक श्रीमान रतनसिंगजी, इंझोरीहून उन्हातान्हात वाट तुडवत आलेले आपले प्रमुख पाहुणे हेडमास्तरसाहेब, ज्यांच्यासाठी हा मांडव घातला ते आपले शालिग्राम गुरुजी, आणि गावातल्या व तांड्यातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मला बोलायला उभं केलं आहे खरं, पण माझं चित्त अजून ठिकाणावर आलेलं नाही. भाषण मी कालच पाठ करून ठेवलं होतं. 'गुरुजी म्हणजे ज्ञानाचा सागर' अशी सुरुवात होती, शेवटी एक संस्कृत सुभाषितही होतं. पण थोड्या वेळापूर्वी अध्यक्षमहाराजांनी उठून जे जाहीर केलं, त्यानं ते सगळं डोक्यातून पुसून गेलं. आपण सर्वांनी ऐकलंच आहे. नाल्याकाठचं पाच एकराचं वावर पाटीलसाहेब भूदानात देत आहेत. त्याची चिठ्ठी आज, याच मांडवात, चहापान झाल्यावर निघणार आहे. आणि निरोपाचा मान म्हणून ती गुरुजींच्या हातून निघणार आहे. तुम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण एक अडचण आहे. ज्या पंधरा नावांतून ही चिठ्ठी निघायची त्यांत एक नाव माझं आहे, आणि गुरुजी या गावात आल्यापासून माझ्या घरात राहतात, माझ्या ताटाशेजारी ताट मांडून जेवतात.

हेडमास्तरसाहेब, तुम्ही चमकून पाहिलंत. तुम्ही पाहुणे आहात, तुम्हाला मागचं माहीत नाही. मी जगदेव. मराठी सातवी पास आहे, चावडीवर वर्तमानपत्र वाचून दाखवतो, श्रावणात पोथी वाचतो, म्हणून भाषणाचं काम दरवेळी माझ्या गळ्यात पडतं. पण मी सालदाराचा मुलगा आणि सालदारच आहे. स्वतःच्या नावावर बोटभर जमीन नाही. गेल्या वैशाखात मात्र एक वावर माझं झालं होतं. गुरुजींनी ते घालवलं.

असं बोलू नये, निरोपाचा दिवस आहे, हे मला कळतं. अध्यक्षमहाराज, जरा सांभाळून घ्या. पण गुरुजींविषयी बोलायचं आणि ही गोष्ट सोडून बोलायचं, तर मग मी दुसऱ्याच कुणाविषयी बोलतो आहे असं होईल.

गेल्या वैशाखात पाटीलसाहेबांनी आणि आणखी दोघा जमीनदारांनी मिळून पाच वावरं भूदानात दिली. भूमिहीन घरं वीस निघाली. आठ गावातली, बारा तांड्यातली. वावरं पाच आणि माणसं वीस, तेव्हा चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. यात कुणाला शंका राहू नये म्हणून आपण किती जपलं होतं! गावाच्या आठ चिठ्ठ्या गावानं लिहायच्या, तांड्याच्या बारा तांड्यानं लिहायच्या. कागद एकाच वहीचा, तुकडे एकाच मापाचे. मारुतीच्या पारावर पाटलांच्या घरची पितळी घागर ठेवली. तांड्याचा मान आधी म्हणून त्यांच्या चिठ्ठ्या सकाळीच घागरीत पडल्या. गावाच्या नंतर, दुपार कलल्यावर. आणि चिठ्ठी काढायला कोण? तर लखमाबाई. तिची दृष्टी गेलेली आहे. सुईणपण करत होती तेव्हा गावातली अर्धी आणि तांड्यातली अर्धी माणसं तिच्या हातावर जन्माला आली. तिच्यावर कोण संशय घेणार?

पाटलांनी घागर हलवली. आत कागद खसखसले. लखमाबाईनं हात घातला आणि पहिली चिठ्ठी काढली. नाव गावातलं निघालं. दुसरी काढली, गावातलंच. तिसरी चिठ्ठी पाटलांनी उलगडली आणि मोठ्यानं वाचलं, "जगदेव." सभ्य गृहस्थहो, मला पुढचं काही ऐकू आलं नाही. माझ्या बापानं दुसऱ्याच्या बांधावर जन्म काढला, तिथंच तो मेला. मी नुसता उभा राहिलो. माझी बायको कस्तुरा बायांच्या घोळक्यात बसली होती. ती उठली, पायांत वहाणाही घातल्या नाहीत आणि सरळ त्या चिठ्ठीला ठरलेल्या वावराकडं निघाली. चौथी चिठ्ठी निघाली, पाचवी निघाली. पाचही गावाच्या.

हलगीवाल्यानं हलगी उचलली. तेवढ्यात तांड्याच्या लोकांत चुळबुळ झाली. भाऊसिंग काठी टेकत पुढं आला. भाऊसिंग, तू इथंच बसला आहेस, चुकलं तर सांग. तू म्हणालास, "पाटील, आमचे नावं घागरीत होते का बाहीर?" पाटलांचा चेहरा उतरला. पारावरची माणसं उठून उभी राहिली. रतनसिंग नाईकांनी फक्त पागोटं डोक्यावर घट्ट बसवलं. ते पाहून मला भाऊसिंगच्या काठीपेक्षा जास्त भीती वाटली.

आणि त्या घटकेला शालिग्राम गुरुजी उठले. उठण्याआधी त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ते पाहणं मी विसरलेलो नाही. मला वाटलं, ते मला शाबासकी द्यायला उठले आहेत.

त्यांनी चुन्याचा खडा घेतला आणि पाराच्या फरशीवर आकडे मांडायला लागले. लोक भांडायच्या बेतात आणि हा माणूस आकडे मांडतो आहे! मी तर थक्क झालो. ते म्हणाले, "पाचही चिठ्ठ्या गावाच्याच निघाव्यात असं किती वेळा घडेल, ते पाहू." मला त्यांचा रोख कळला. मी घाईघाईनं पुढं झालो. मलाही थोडा हिशेब येतो. मी म्हणालो, "गुरुजी, विसांत आठ गावाच्या, म्हणजे पाचांत दोन. पाच वेळा गुणलं तर शंभरात एकदा येतं. शंभरात एकदा घडणारी गोष्ट घडते की हो. माणसाला साप चावतो, तो काय रोज चावतो?" गावातली मंडळी माना डोलवायला लागली.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "जगदेव, निघालेली चिठ्ठी आपण परत घागरीत टाकली का?"

मी म्हणालो, "नाही. ज्याला एक वावर मिळालं त्याला दुसरं कशाला?"

"मग दुसऱ्या खेपेला घागरीत वीस कशा राहतील? एकोणीस राहिल्या. आणि गावाच्या आठ कशा राहतील? सात राहिल्या. तिसऱ्या खेपेला अठरांत सहा. मग सतरांत पाच. मग सोळांत चार. दरवेळी गावाची आशा कमी होत जाते, कारण गावाचंच माणूस बाहेर पडतं, तांड्याचे बारा तसेच आत बसून आहेत." त्यांनी तो सगळा गुणाकार फरशीवर केला, आम्हा सगळ्यांच्या देखत. शेवटी म्हणाले, "शंभरात एकदा नाही. अशी घागर दोनशे सत्त्याहत्तर वेळा भरली, तर त्यांत एकदा."

हेडमास्तरसाहेब, तुम्ही मान हलवलीत, म्हणजे हिशेब बरोबर होता. मी तो नंतर घरी पुष्कळदा करून पाहिला, कुठं चूक सापडते का म्हणून. सापडली नाही.

पाटीलसाहेब तेव्हा फार तापले होते. ते म्हणाले, "गुरुजी, तुमी मले चोर म्हणून राह्यले काय? माझंच वावर, मीच दिलं, अन् मीच चोरी करीन?" त्यांचं काय चुकलं? दान देणाऱ्या माणसाला भर सभेत हे ऐकावं लागलं. गुरुजी म्हणाले, "नाही पाटील. ती एक वेळ आजच आली असेल. घडूच शकत नाही असं माझा हिशेब म्हणत नाही. तो एवढंच सांगतो, की वावरं वाटण्याआधी घागर पालथी करून पाहावी. तांड्याच्या बारा चिठ्ठ्या खाली पडल्या, तर मी सर्वांसमोर तुमची माफी मागतो."

पाटलांनी तावातावानं घागर उचलली आणि पालथी केली. तीन चिठ्ठ्या पडल्या. तीनच! तिन्ही गावातल्या. पाटलांनी घागरीच्या बुडावर थापा मारल्या. आतून काही पडेना.

बंधूंनो, ती घटका तुम्हाला आठवत असेल. बारा घरांची नावं गेली कुठं? पाटील घागरीकडं असे बघत होते की मला त्यांच्याकडं पाहवेना. मी जन्मभर त्यांच्या वाड्यावर राबलो. हा माणूस रागीट असेल, हट्टी असेल, पण असलं काही करणार नाही हे मला माहीत होतं. आणि तरीही त्या घटकेला मला ते खरं वाटलं. भाऊसिंगनं काठी उचलली होती, गावातल्या पोरांनी दगड.

लखमाबाईला दिसत नाही, पण तिला सगळं ऐकू येत होतं. ती म्हणाली, "थांबा रे लेकरांनो. तळाले हाये काहीतरी. माझ्या बोटाले चिकट लागलं होतं. मले वाटलं, देवाचा परसाद ठेवला असन कोनं. त्याले काहून हात लावू? म्हून मी वरवरच्याच उचलल्या."

तांड्याच्या किसनसिंगनं कोपरापर्यंत हात घागरीत घातला, नखांनी खरवडलं आणि तळाचा गोळा बाहेर काढला. काळपट, चिकट, मुंग्या लागलेला गोळा. त्यात बाराच्या बारा नावं एकमेकांना चिकटून बसलेली. घागर सकाळपासून वैशाखाच्या उन्हात तापत होती, त्यानं सगळं वितळून पितळेला धरून बसलं होतं.

नाईकांच्या घरच्या मोतीबाई पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "आमच्या तांड्यात नाव कोरडं ठेवत नाही देवापुढं. मीच गूळ-तूप लावलं होतं. बाराही नावाले लावलं. कोणाचं कमी नको, जास्त नको." आणि तिथंच खाली बसल्या.

मंडळी, मला या गोष्टीचा अजूनही अचंबा वाटतो. चोर सापडला असता तर बरं झालं असतं, असं मला कित्येकदा वाटतं. त्याला धरला असता, झोडपला असता, मन मोकळं झालं असतं. पण इथं कुणाला धरायचं? मोतीबाईंनी देवाचा मान केला. गावानं तांड्याचा मान केला, म्हणून त्यांच्या चिठ्ठ्या तळाला गेल्या. लखमाबाईनं प्रसादाचा मान केला. एवढ्या चांगुलपणातून बारा घरांचा घास जात होता, आणि गुरुजी उठले नसते तर आम्ही हलगी वाजवत घरी गेलो असतो. तांडा आम्हाला जन्मभर चोर म्हणाला असता आणि आम्ही त्यांना कांगावखोर. तो गोळा घागरीतच राहिला असता आणि दुसऱ्या दिवशी पाटलांच्या घरच्या बाईनं चिंच-राखेनं घासून टाकला असता.

मग प्रश्न आला, निघालेल्या पाच चिठ्ठ्यांचं काय? आम्ही पाचही जण म्हणालो, आमचा काय दोष? देवासमोर नाव निघालं, ते निघालं. मी सर्वांत मोठ्यानं म्हणालो. गुरुजी माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "जगदेव, ही चिठ्ठी विसांतून निघालीच नाही. आठांतून निघाली. आठांत पाच जणांना वावर मिळणार होतं, म्हणजे निम्म्याहून जास्त. तांड्याच्या माणसाला काहीच नव्हतं. तुझा खरा वाटा विसांत पाच, म्हणजे चारांत एक." मी त्यांना म्हणालो, "गुरुजी, माझ्या हातात आलेलं वावर तुम्ही चारांत एक करून राह्यले." पाटीलसाहेबांनी निकाल दिला की चिठ्ठ्या पुन्हा टाकायच्या.

या खेपेला सगळी नावं एकाच हातानं लिहिली, कोरड्या कागदावर. घागर नको म्हणून परात घेतली आणि वरून धोतर झाकलं. लखमाबाईनं तळापासून ढवळून चिठ्ठ्या काढल्या. तीन तांड्याच्या निघाल्या, दोन गावाच्या. किसनसिंगला वावर मिळालं. मला मिळालं नाही.

हे सगळं होईपर्यंत कस्तुरा वावरातच होती. तिला कोण सांगायला जाणार? ती परत आली तेव्हा सभा उठत होती. तिचे हात सोलवटले होते. तेवढ्या वेळात तिनं वावरातले दगड वेचून कडेच्या धुऱ्यावर रचायला घेतले होते. तिनं मला विचारलं, "सगळे असे काहून पाहून राह्यले माह्याकडं?" मी तिला सांगितलं. ती पाराच्या फरशीवरच्या आकड्यांकडं बघत बसली. तिला अक्षरओळख नाही.

संध्याकाळी गुरुजी नेहमीसारखे जेवायला बसले. मला वाटलं होतं, हा माणूस आज शाळेत निजेल. ते आले. कस्तुरानं भाकरी वाढली आणि समोर बसून म्हणाली, "गुरुजी, तुमी उभे नसते राह्यले तर आमचं वावर होतं."

गुरुजींनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, "हो वहिनी. होतं."

त्यांनी समजूत घातली नाही. धर्म, न्याय, देवाची इच्छा, यांतलं काही काढलं नाही. मी पोथी वाचतो, मला असल्या वेळी बोलायची शंभर वाक्यं येतात. त्यांनी एकही वापरलं नाही. उभं राहण्याआधी त्यांनी माझ्याकडं का पाहिलं होतं, ते मला त्या संध्याकाळी कळलं. काय जाणार आहे आणि कुणाचं जाणार आहे, हे त्यांना खडा उचलण्याआधीच ठाऊक होतं. मला त्यांचा राग आला होता, तो काही लगेच गेला नाही. आज गेला आहे का, हे मला विचारू नका. कस्तुरा त्यांना रोज भाकरी वाढत राहिली, आणि कधी कधी वाढता वाढता वावराकडच्या बाजूला बघायची. गुरुजीही बघायचे.

आता ते कारंज्याच्या शाळेत निघाले आहेत. उद्या सकाळच्या मोटारीनं जातील. तिथं मोठी शाळा आहे, मोठं गाव आहे, त्यांच्या हिशेबाला तिथं जास्त गिऱ्हाइकं मिळतील. मी त्यांना शुभेच्छा देतो. गुरुजी, तुमच्या बिऱ्हाडाची जागा आम्ही रिकामी ठेवणार आहोत. तिथं कडबा भरू असं मी म्हणालो होतो, पण कस्तुरा ऐकत नाही.

अध्यक्षमहाराज, मी संपवत आलो. एकच विनंती करायची आहे आणि ती सर्वांच्या देखत करायची आहे. आज पंधरा नावं आहेत. गेल्या वर्षी निघालेली पाच नावं परत परातीत पडायची नाहीत, म्हणून माझी आशा पंधरांत एक आहे. मला ते वावर पाहिजे. साधूसंतांसारखं 'मला नको, दुसऱ्याला द्या' म्हणायचं मला जमणार नाही, आणि म्हटलं तर घरी भाकरी मिळणार नाही. पण चिठ्ठी काढणार गुरुजी, आणि गुरुजी माझ्या घरचे. माझं नाव निघालं तर तांड्यात आज ना उद्या कुणीतरी भाऊसिंगसारखा प्रश्न विचारील. भाऊसिंग, मी तुला नावं ठेवत नाही. तू विचारलंस म्हणून तर गुरुजी उठले.

मला मिळालेलं वावर एकदा माझ्या हातून गेलं आहे. तसं पुन्हा जाऊ नये, म्हणून मी सांगतो ते करा. गुरुजी, चिठ्ठी हातात आली की ती उलगडू नका, मुठीत धरून ठेवा. आधी परात पालथी करा. राहिलेल्या चौदा चिठ्ठ्या रतनसिंग नाईकांनी एकेक करून उलगडाव्यात, आणि कुणाचं नाव आहे ते सर्वांना ऐकू जाईल असं वाचावं. चौदा घरांची नावं आपल्या कानांनी ऐकली की कुणाच्या मनात काही उरणार नाही.

इंझोरीच्या पाहुण्यांनी आमचं घरातलं भांडण एवढं शांतपणे ऐकून घेतलं, अध्यक्षमहाराजांनी मला मध्येच खाली बसवलं नाही, आणि लखमाबाई, मोतीबाई, भाऊसिंग यांची नावं मी न विचारता सभेत घेतली तरी कुणी उठून गेलं नाही, याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. ज्या दिवशी गोड बोलायचं त्या दिवशी मी खरखरीत बोललो. त्याबद्दल आपण मोठ्या मनानं माझ्यावर राग धरू नये, ही प्रार्थना.

आणि गुरुजी, नाईकांनी चौदा नावं वाचली, आणि त्या चौदांत माझं नाव आलं नाही, तर मग मूठ उघडा, आणि जरा मोठ्यानं वाचा. कस्तुरा पार मागच्या बाजूला बसली आहे, आणि या खेपेला ती जागेवरून उठणार नाही म्हणाली आहे.